अर्धं बालपण डेल्टात, अर्धं शिकागोत: एका आजींच्या आठवणी रेकॉर्ड करताना

शिकागोच्या साउथ साइडला वयस्कर ब्लॅक लोकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून लायब्ररीत जपून ठेवायचं काम बऱ्याच ठिकाणी चालतं, त्यातल्या एका ग्रुपमध्ये मी व्हॉलंटियर आहे. इथल्या मराठी मित्रमैत्रिणी नेहमी विचारतात की तू नक्की करतेस काय तिथे जाऊन, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आपल्याला अमेरिकेतला ब्लॅक इतिहास म्हणजे गुलामगिरी, मग लिंकन आणि मग एकदम मार्टिन ल्यूथर किंग एवढाच माहीत असतो, मधली शंभर वर्षं माणसं रोज कशी जगली, पोरं कशी वाढली, हे आपण कधी विचारतच नाही आणि इथे वीस वीस वर्षं राहूनही विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मला ज्यांचं रेकॉर्डिंग करायला मिळालं त्यांचा जन्म १९४५ चा, मिसिसिपी राज्यातल्या डेल्टामधला. डेल्टा म्हणजे नदीचं मुख नाही बरं का, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला सपाट, काळ्या मातीचा पट्टा, सगळा कापसाचा. जवळचं गाव ग्रीनवुड. बालपण अर्धं तिथे आणि अर्धं शिकागोत. चर्चमध्ये त्यांना सगळे मदर म्हणतात, त्या मला बेबी म्हणतात, इथे मी त्यांना आजी म्हणते. नाव देणार नाही असं आमचं ठरलंय, बाकी काय लिहायचं ते त्यांना विचारूनच लिहितेय.

आधी ट्रेनिंग असतं. साध्याच गोष्टी सांगतात पण त्याच महत्त्वाच्या, फ्रिज बंद करा कारण त्याची घरघर टेपमध्ये येते, टिकटिक करणारं घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवा, प्रश्न छोटा विचारा, समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं तर लगेच तोंड उघडू नका. आणि सुरुवात मोठ्या घटनांनी करू नका, घरापासून करा, चूल कुठे होती, पाणी कुठून आणायचे, कोण कुठे झोपायचं. मग एक फॉर्म असतो, त्यात बोलणाऱ्यानं ठरवायचं की कुठला भाग सगळ्यांना खुला, कुठला अमुक वर्षं बंद. आजींनी तो फॉर्म चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सही मात्र लगेच केली नाही. म्हणाल्या, आधी मी काय बोलते ते मला ऐकू दे, मग सही. आमच्या घरात न वाचता सही केलेल्या कागदांनी फार नुकसान केलंय.

सुरुवातीला त्या जे बोलल्या ते दर फेब्रुवारीत (इथे तो ब्लॅक हिस्टरी मंथ असतो) चर्चमध्ये मुलांपुढे बोलतात तसं होतं, नीट, घोटलेलं, कुठे अडखळणं नाही. मग मध्येच त्यांनी मला विचारलं की तू कुठली. मी म्हटलं महाराष्ट्रातली, यवतमाळची, आमच्याकडे कापूसच पिकतो. त्यांनी विचारलं, तू स्वतः वेचलायस? म्हटलं हो, मामाच्या शेतात, कमरेला ओटी बांधून, आणि बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचतात ते पण माहितेय. त्यावर त्यांनी माझा हात धरून बोटं बघितली, मग स्वतःची बोटं दाखवली, आणि तिथून पुढे खरं बोलणं सुरू झालं. (नंतर मी त्यांना सांगितलं की १८६१ ला इकडे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस बाहेर जायचा थांबला, तेव्हा आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला इंग्रजांनी एकदम भाव दिला, आणि युद्ध संपल्यावर तो भाव कोसळला. हे त्यांना नवीन होतं, बराच वेळ त्याबद्दल विचारत होत्या.)

तर घर त्यांच्या आजीचं (इथून पुढे एकेरीतली आजी म्हणजे ही, आणि अहो-जाहो केलेल्या आजी म्हणजे ज्यांचं रेकॉर्डिंग केलं त्या). आई १९४८ मध्ये शिकागोला कामाला गेली तेव्हा ही पोर तीन वर्षांची, ती आजीपाशीच राहिली. त्या काळात हे घरोघरी होतं, साधारण १९१० पासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख ब्लॅक माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली, त्याला ग्रेट मायग्रेशन म्हणतात. मिसिसिपीतून निघालेला माणूस बहुधा शिकागोलाच यायचा कारण इलिनॉय सेंट्रल रेल्वेची लाइन सरळ तिथेच जायची. आणि 'शिकागो डिफेंडर' हे १९०५ ला रॉबर्ट ॲबट यांनी काढलेलं पेपर रेल्वेतले पुलमन पोर्टर, म्हणजे स्लीपर डब्यांतले सेवक, गुपचूप दक्षिणेत पोचवायचे, त्यात नोकऱ्या, पगार, मतदान सगळ्याची माहिती असायची. आजींच्या घरी तो पेपर गादीखाली असायचा आणि वाचून झाला की चुलीत जायचा.

जमीन मालकाची, कसणारी आजी, म्हणजे अर्धेलीनं. मे-जूनमध्ये लांब दांड्याच्या खुरप्यानं तण काढायचं आणि रोपं विरळ करायची, ऑगस्ट संपता संपता वेचणी. मोठ्या माणसांच्या पिशव्या नऊ नऊ फूट लांब, खांद्यावरून मागे ओढत न्यायच्या, आणि पोरांसाठी पिठाच्या पोत्याची छोटी पिशवी शिवून द्यायची. ज्या दिवशी पोर शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो वेचेल त्या दिवशी ते मोठं झालं असं धरायचे. वर्षभर मालकाच्या दुकानातून उधारीवर पीठ, रॉकेल, खत, आणि डिसेंबरात हिशोब. वही मालकाची, बेरीज मालकाची. आजीला आकडे चांगले यायचे, ती घरी भिंतीवर कोळशानं प्रत्येक गाठीचा हिशोब मांडून ठेवायची, पण मालकासमोर वही बघू द्या म्हणायची सोय नव्हती. एखाद्या वर्षी हातात थोडे डॉलर यायचे, एखाद्या वर्षी एवढं राबून उलट देणंच निघायचं. घरी येऊन ती भिंतीवरचा कोळसा ओल्या फडक्यानं पुसायची आणि मग जेवायला वाढायची, दर डिसेंबरात.

एक गोष्ट मला इथे लिहायचीच आहे. गावात चपला-बूट घ्यायला गेलं तर ब्लॅक माणसाला दुकानात पायात घालून बघू द्यायचे नाहीत. मग आजी घरी ब्राउन पेपर जमिनीवर पसरून नातीचा पाय त्यावर ठेवायची, पेन्सिलनं कडेकडेनं काढायची, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडायची कारण पोर वाढणार, मग तो पाय कापून घडी करून पर्समध्ये. दुकानात तो कागद काउंटरवर ठेवायचा. माप चुकलं तर बदलून मिळायचं नाही. आणि दुकानदार साठीच्या आजीला एकेरी नावानं हाक मारणार, ती त्याच्या पोरालासुद्धा सर म्हणणार. आजी हे सांगताना स्वतःच्या पावलाभोवती बोट फिरवून दाखवत होत्या, टेपमध्ये फक्त बोट फिरल्याचा आवाज आहे, म्हणून मी बाजूला लिहून ठेवलं की इथे काय करत होत्या.

शाळा म्हणजे चर्चचीच एक खोली, पुस्तकं गोऱ्या शाळेनं वापरून टाकलेली, आतल्या पानावर आधीच्या मुलांची नावं. आणि कापसाच्या दिवसांत शाळा बंद. सुप्रीम कोर्टानं १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात 'वेगळं पण समान' हे चालेल म्हणून सांगितलेलं, त्यातलं वेगळं तेवढं पाळलं गेलं.

आता कागदपत्रांचं काम. माणूस बोलतं त्याला जोड म्हणून आम्ही जुनी रेकॉर्ड्स शोधतो. अमेरिकेत जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षं बंद असतात, म्हणून १९५० चे कागद १ एप्रिल २०२२ ला खुले झाले आणि ज्यांचा त्यात लहानपणी पहिल्यांदा उल्लेख आहे अशी माणसं हयात असताना ते बघता येतात, ही केवढी मोठी गोष्ट आहे! नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर नावानं शोधता येतं पण नावांची यादी कॉम्प्युटरनं हस्ताक्षर वाचून केलीय, त्यामुळे नावं वाट्टेल तशी लागलेली असतात. सरळ उपाय म्हणजे त्या भागाचा गणना-विभाग नंबर काढायचा आणि पान न् पान स्वतः चाळायचं. ग्रीनवुडची लेफ्लोर काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), शेतावरची घरं, मालकाच्या नावाखाली ओळीनं कसणाऱ्यांची घरं. मला वेळ लागला पण सापडलं. आजीचं नाव, घरप्रमुख, विधवा. तिच्याखाली नात, वय ४. वंशाच्या रकान्यात 'नेग' एवढं तीन अक्षरी लिहिलेलं, खाली पानभर तेच.

मग शिकागो. आई त्या वेळी कुठल्या रस्त्यावर राहायची ते आजींना पाठ होतं, त्यामुळे ते पान लवकर मिळालं. एकाच पत्त्यावर माणसंच माणसं, ओळींमागून ओळी, आणि त्यात आई, नातं या रकान्यात 'लॉजर', म्हणजे भाडेकरू, काम लाँड्रीत इस्त्रीचं. एकाच वर्षीचा एप्रिल, एका कागदावर चार वर्षांची पोर, आणि हजारभर किलोमीटर लांबच्या दुसऱ्या कागदावर तिची आई. दोन्ही पानांत एकमेकींचा काहीही उल्लेख नाही. मी दोन्ही प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आजी म्हणाल्या, सरकारच्या लेखी मला आई नव्हतीच आणि तिला मूल नव्हतं. त्या दिवशी रेकॉर्डिंग केलं नाही, चहा केला आणि घरी आले.

१९५२ मध्ये सात वर्षांची असताना आई तिला घ्यायला आली. गाडीत डायनिंग कारमध्ये बसू देतील याचा भरवसा नाही म्हणून बुटाच्या रिकाम्या खोक्यात तळलेलं चिकन, उकडलेली अंडी आणि केक, हे खोकं दक्षिणेतून निघालेल्या प्रत्येक घराला आठवतं. ब्लॅक प्रवाशांचा डबा वेगळा. ओहायो नदी ओलांडली की कैरो गाव, तिथून इलिनॉय राज्य सुरू, आणि तिथून पुढे कायद्यानं कुठेही बसता यायचं. बरीच माणसं कैरोला उठून मुद्दाम पुढच्या डब्यात जाऊन बसायची. आईनं मात्र झोपलेल्या पोरीला उठवलं नाही, त्यामुळे आजी शिकागोत पोचल्या त्या दक्षिणेच्याच डब्यातून.

शिकागोत घर म्हणजे किचनेट. सहा खोल्यांचा फ्लॅट, प्रत्येक खोलीत एक कुटुंब, कोपऱ्यात हॉट प्लेट, मजल्याला मिळून एक बाथरूम, आणि भाडं दर आठवड्याला. ब्लॅक लोकांना घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही असे करारच घरमालक आपापसात करायचे, १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टानं शेली खटल्यात सांगितलं की असे करार कोर्ट पाळायला लावणार नाही, पण म्हणून कोणी दार उघडलं असं झालं नाही. १९५१ मध्ये शेजारच्या सिसरो गावात एक ब्लॅक कुटुंब राहायला आलं तर हजारोंचा जमाव जमला, घर फोडलं, सामान जाळलं, राज्यपालांना नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. आजी आल्या त्याच्या आदल्याच वर्षीची गोष्ट.

शाळेत घातलं तर दक्षिणेतून आली म्हणून एक वर्ग खाली बसवलं. वर्गात इतकी मुलं की शाळा डबल शिफ्टमध्ये, अर्धी मुलं सकाळी, अर्धी दुपारी, आणि थोड्या अंतरावर गोऱ्या वस्तीतल्या शाळांत बाकं रिकामी. मिसिसिपीत कापसासाठी अर्धी शाळा आणि शिकागोत गर्दीमुळे अर्धी शाळा, आजींचं म्हणणं असं की मला पूर्ण दिवसाची शाळा पहिल्यांदा मिळाली ती हायस्कूलला. पुढे हे प्रकरण इतकं पेटलं की शाळांचे प्रमुख बेंजामिन विलिस यांनी ब्लॅक मुलांना गोऱ्या शाळांत पाठवण्याऐवजी मैदानात पत्र्याच्या फिरत्या खोल्या उभ्या केल्या, लोक त्यांना विलिस वॅगन म्हणायचे, आणि २२ ऑक्टोबर १९६३ ला दोन लाखांहून जास्त मुलं शाळेत गेलीच नाहीत. आजींचा धाकटा भाऊ त्यात होता, चर्चच्या हॉलमध्ये त्या दिवशी वेगळी शाळा भरली आणि तिथे त्याला फ्रेडरिक डग्लस, म्हणजे गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेला माणूस, कोण ते पहिल्यांदा कळलं.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती आता सांगते. दर उन्हाळ्यात आई हिला परत आजीकडे पाठवायची. आईला कामावरून सुट्टी नाही, पोर एका खोलीत दिवसभर एकटी कशी ठेवणार, आणि आजीला वेचणीआधीच्या कामाला हात हवेत. तर दर जूनमध्ये, गाडीच्या आधीचे काही दिवस, आई संध्याकाळी कामावरून आली की हिला खोलीच्या मधोमध उभं करायची आणि सराव घ्यायची. गोरा माणूस समोरून आला तर फुटपाथवरून खाली उतर. डोळ्यात बघू नकोस. येस मॅम, नो सर, नुसतं हो-नाही नाही. दुकानात हात लावायचा नाही. पाणी पिण्याआधी पाटी वाच, नळ गोऱ्यांचा की आपला. वाचता येतं हे दाखवू नकोस, पण पाटी वाच. आई स्वतः गोरी बाई व्हायची आणि पोरीनं बाजूनं जायचं, मान वर झाली की पुन्हा पहिल्यापासून. आणि सप्टेंबरात परत आली की उलट. मान वर ठेव, मॅम मॅम करू नकोस इथे हसतात, रस्त्यात अंग चोरून चालू नकोस. पण त्याच वेळी हे पण, की अमुक रस्त्याच्या पलीकडे जायचं नाही, रेल्वे पुलाखालून तिकडे तर अजिबात नाही, तळ्यावर त्या भागात पोहायचं नाही. मिसिसिपीत निदान पाटी असायची. शिकागोत पाट्या नव्हत्या, सगळं तोंडपाठ लागायचं.

तळ्याचं खरंच होतं ते, १९१९ मध्ये युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा मुलगा मिशिगन तळ्यात तरंगत तरंगत गोऱ्यांच्या बाजूला गेला म्हणून त्याच्यावर दगड मारले, तो बुडून मेला आणि मग दंगलीत ३८ माणसं गेली. तशी पाटी तिथे कधीच नव्हती. चाळीस वर्षांनंतरही तेच, १९६० आणि ६१ च्या उन्हाळ्यात रेनबो बीचवर तरुण पोरापोरींनी मुद्दाम जाऊन पाण्यात उतरण्याचं आंदोलन केलं, आजी तेव्हा सोळा वर्षांच्या, त्या दुसऱ्या वर्षी गेल्या होत्या, आईला न सांगता.

मी त्यांना विचारलं की वर्षातून दोनदा असं बदलताना काय वाटायचं. त्या म्हणाल्या, वाटायला वेळच नसायचा बेबी, चुकलं तर काय होईल ते माहीत होतं. मग १९५५ आलं.

त्या उन्हाळ्यात आजी दहा वर्षांच्या आणि डेल्टातच. २० ऑगस्टला शिकागोहून एमेट टिल नावाचा १४ वर्षांचा मुलगा नातेवाइकांकडे यायला निघाला, मनी नावाच्या वस्तीत, ग्रीनवुडपासून पंधरा-सोळा किलोमीटर. त्याच्या आईनंसुद्धा, मेमी टिल यांनी, निघताना त्याला असंच सगळं समजावून सांगितलं होतं. दुकानात गोऱ्या बाईशी नीट वागला नाही असं म्हणून २८ ऑगस्टच्या पहाटे दोघा गोऱ्या माणसांनी त्याला घरातून उचलून नेलं आणि मारलं, तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत प्रेत सापडलं. आजींच्या घरी ही बातमी पेपरनं नाही आली, चर्चमधल्या एका बाईनं कुंपणाशी येऊन हळू आवाजात सांगितलं. त्यांच्या आजीनं त्याच दिवशी त्यांची पेटी भरली. नेहमी सोबतीला ओळखीचं कोणीतरी असायचं, या वेळी वाट बघितली नाही, फ्रॉकला आतून पिनेनं शिकागोचा पत्ता लावला, हेममध्ये पैसे शिवले, आणि स्टेशनवर एका पोर्टरला सांगितलं की ही तुमच्या भरवशावर. तो पोर्टर दर स्टेशनला येऊन बघून जायचा. कैरोला त्यानं उठवून पुढच्या डब्यात नेऊन बसवलं.

आणि शिकागोत मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवली, काय केलं ते जगाला दिसू दे म्हणून. स्टेट स्ट्रीटवरच्या रॉबर्ट्स टेंपल चर्चमध्ये हजारो माणसं रांगेनं बघून गेली. आजींची आई त्यांना घेऊन गेली. दहा वर्षांच्या पोरीला न्यावं का यावर घरात वाद झाला पण आई म्हणाली, हिला न्यायलाच पाहिजे. त्या चर्चमध्ये काय बघितलं तो टेपचा भाग आजींनी बंद ठेवलाय, त्यामुळे मी इथे लिहिणार नाही. सप्टेंबरात समनर गावच्या कोर्टात सगळेच गोरे असलेल्या ज्युरीनं त्या दोघा आरोपींना निर्दोष सोडलं, आणि जानेवारीत त्याच दोघांनी एका मासिकाला पैसे घेऊन कबुली दिली. लिंचिंग हा केंद्रीय गुन्हा म्हणून एमेटच्या नावाचा कायदा व्हायला मार्च २०२२ उजाडावं लागलं.

त्यानंतर आईनं उन्हाळ्यात पाठवणं बंद केलं. आजी-नातीची भेट मग पत्रांतूनच. आजीला सगळे म्हणायचे शिकागोला ये, ती आली नाही. पण कामही संपत चाललं होतं, १९४४ मध्येच क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन प्लांटेशनवर कापसाचं पूर्ण पीक मशीनवर काढून दाखवलं होतं, एक मशीन साधारण पन्नास माणसांचं काम करायचं, आणि ते मशीन बनवणारी इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी शिकागोची. १९६२-६३ च्या हिवाळ्यात ग्रीनवुडला ब्लॅक लोकांची मतदार नोंदणी सुरू झाली म्हणून काउंटीनं गरिबांना मिळणारं सरकारी धान्य बंद केलं. तेव्हा शिकागोतून कॉमेडियन डिक ग्रेगरी वगैरेंनी अन्न पाठवलं, आजींच्या चर्चनंही डबे गोळा केले. १७-१८ वर्षांची नात तळघरात बसून बीन्सचे डबे खोक्यात भरतेय आणि दुसऱ्या टोकाला तिची आजी रांगेत उभी आहे. एक डबा तरी तिच्यापर्यंत गेला असेल, असं त्या टेपवर म्हणतात, मग बराच वेळ काही बोलत नाहीत आणि ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तशी मीही बोलले नाही.

सावत्र वडील स्टील मिलमध्ये होते त्याबद्दल थोडक्यात. ब्लॅक कामगाराला कोक ओव्हन, म्हणजे सगळ्यात गरम आणि धुराचं काम, आणि सिनियॉरिटी डिपार्टमेंटपुरती, चांगल्या खात्यात गेलं की पुन्हा शून्यापासून. १९७४ मध्ये नऊ स्टील कंपन्यांना कोर्टाच्या तडजोडीत हे बदलावं लागलं. आणि बदललं तोवर मिलच बंद पडायला लागल्या, विस्कॉन्सिन स्टील १९८० ला, साउथ वर्क्स १९९२ ला.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघी ॲमट्रॅकच्या रेल्वेनं ग्रीनवुडला गेलो. 'सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स' रात्री शिकागोहून निघते, सकाळी मेम्फिस, मग ग्रीनवुड. कैरोला आता गाडी थांबत नाही, नदीवरचा पूल मध्यरात्रीनंतर येतो, आजी जाग्या होत्या, मला म्हणाल्या रेकॉर्डर लाव. पुलाचा खडखडाट आणि त्यांचा आवाज, चांगलं रेकॉर्ड झालंय. ग्रीनवुडला एमेट टिलचा पुतळा आहे, २०२२ मध्ये बसवला. मनीचं ते दुकान पडायला आलंय, वेलींनी झाकलेलं. एमेटचं प्रेत सापडलं तिथल्या नदीकाठच्या फलकावर लोकांनी इतक्यांदा गोळ्या झाडल्या की २०१९ मध्ये बुलेटप्रूफ लावावा लागला, २०१९ मध्ये! शेतावर आजीचं घर नाही, कोणाचंच नाही, सोयाबीन होतं. चर्चची जागा आणि मागची दफनभूमी यावरून त्यांनी पावलं टाकत टाकत अंदाज काढला, आणि मी फोनवर लोकेशन सेव्ह केलं, कारण ते आता कुठल्याच नकाशात नाही.

परत येऊन टाइप केलेलं सगळं त्यांना वाचायला दिलं. ग्रुपमधल्या एकीनं त्यांचं बोलणं व्याकरणात बसवून दिलं होतं, आजींनी लाल पेननं सगळं पुन्हा जसं बोलल्या तसं केलं, आणि मला ते अगदी पटलं. मग फॉर्मवर सही. चर्चमधला भाग त्यांच्यानंतर २५ वर्षं बंद, बाकी खुलं. सोबत १९५० ची दोन्ही पानं एकाच फोल्डरमध्ये, आणि वर त्यांनी हातानं चिठ्ठी लिहिलीय की शिकागोच्या पानावरची लॉजर ही मिसिसिपीच्या पानावरच्या चार वर्षांच्या मुलीची आई आहे.

आता त्यांना आजीच्या मागे जायचंय. १८८० च्या जनगणनेत आजीचे वडील लहान मुलगा म्हणून सापडले. १८७० ही पहिली जनगणना ज्यात गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची नावं लिहिली गेली, त्याआधी १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या यादीत मालकाचं नाव आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. लेफ्लोरची १८७० ची पानं मुळात नाहीतच, कारण लेफ्लोर काउंटीच १८७१ मध्ये तयार झाली. म्हणून आता कॅरोल आणि सनफ्लॉवर काउंटीची १८७० ची पानं चाळायला घेतलीयत, एक एक घर करत, आजी भिंग घेऊन बसतात आणि मी पान पुढे करते.